जुन्या ट्रकचा गिअर बॉक्स बदलताना

साधा ट्रक बारा वर्षांचा झाला की त्याला नॅशनल परमिट मिळत नाही. मल्टिअॅक्सल असेल तर ही मर्यादा पंधरा वर्षांची आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधली ही तरतूद. त्यामुळे मुंबई-कोलकाता, मुंबई-चेन्नई अशा लांबच्या पल्ल्यावर धावून थकलेली गाडी मोठ्या ट्रान्सपोर्टवाल्याच्या हातून सुटते आणि हिंगोली, परभणी, वाशीमसारख्या जिल्ह्यात एखाद्या एकट्या मालकाच्या दारात येऊन उभी राहते. पुष्कळदा मालक आणि ड्रायव्हर एकच असतो. हळद, सोयाबीन, कापूस, ऊस, मुरूम असे जे भाडे मिळेल ते घेऊन तो वसमत, कळमनुरी, कनेरगाव नाका, फार तर नांदेड-अकोल्यापर्यंत फिरतो. या एका गाडीवर घर चालते, हप्ता फिटतो, मुलांच्या फिया भरल्या जातात.

अशा गाडीच्या इंजिनाचे काम जवळपास कोठेही होते. गिअर बॉक्सने दगा दिला की मात्र मालकाची पंचाईत होते. नवा बॉक्स घेणे जुन्या गाडीच्या किमतीकडे पाहता परवडत नाही. आतले गिअर, बेअरिंग, सिंक्रो रिंग घालून तोच बॉक्स उभा करावा तर मिस्त्री सांगतो, "केसच गेली आहे." मग मालक नांदेड, हैदराबाद किंवा मुंबईचे कुर्ला गाठतो, जुन्या मालाच्या दुकानात जाऊन म्हणतो, "सोळा-तेराचा बॉक्स द्या," आणि दुकानदार एक बॉक्स काढून देतो. हिंगोलीला आणून बसवायला घेतला की कळते, क्लच प्लेटच बसत नाही. किंवा सगळे बसते, पण भरलेली गाडी शेतातून बाहेर निघत नाही. भाडे गेले, चार दिवस गेले, आणि दिलेला माल परत घ्यायला दुकानदार तयार नाही.

याचे कारण असे की "सोळा-तेराचा बॉक्स" ही मागणीच अपुरी आहे. बॉक्स गाडीच्या नावाने मागायचा नसतो, मापाने मागायचा असतो. ही मापे कोणती आणि ती कशी घ्यावीत, हे गॅरेजवाल्या बांधवांनी आणि त्याहून अधिक गाडीमालकांनी समजून घेतले पाहिजे.

नावावर का जाऊ नये

टाटाच्या गाडीच्या नावात पहिले आकडे साधारण एकूण वजनाचे, टनात, आणि शेवटचे दोन आकडे हॉर्सपॉवरचे असतात. १६१३ म्हणजे सोळा टन आणि एकशे तीस हॉर्सपॉवरच्या घरातली गाडी; २५१५ म्हणजे पंचवीस टन आणि दीडशे. यात गिअर बॉक्सचा उल्लेख कोठेच नाही. शिवाय टाटा आणि अमेरिकेची कमिन्स कंपनी यांचा भागीदारीतला कारखाना १९९३ साली जमशेदपूरला स्थापन झाला आणि त्यानंतर काही मॉडेलांत एकाच नावाखाली टाटाचे स्वतःचे इंजिन आणि कमिन्सचे इंजिन, अशी दोन्ही इंजिने आली. इंजिन बदलले की फ्लायव्हीलची बाजू बदलते. ती बदलली की बॉक्स जोडण्याची जागा बदलते. म्हणजे दोन गाड्यांवर नाव तेच, आणि एकीचा बॉक्स दुसरीला जसाच्या तसा बसेलच याची खात्री नाही.

नंबर प्लेटवरूनही काही कळत नाही. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. त्याआधी पासिंग झालेल्या गाड्या एमएच-२२ च्या, नंतरच्या एमएच-३८ च्या. पण बाहेरच्या जिल्ह्यातून वा राज्यातून आलेल्या गाडीत आजवर किती बॉक्स बदलले गेले हे कोण सांगणार? आरसी बुकात इंजिन नंबर असतो, चेसिस नंबर असतो. गिअर बॉक्सचा नंबर नसतो.

तेव्हा बॉक्सचीच ओळख पटवायला हवी. केसवरची माती आणि तेलाचा थर डिझेलने धुऊन काढा. पत्र्याची पट्टी किंवा ओतीव अक्षरे सापडतात. टाटाच्या बॉक्सवर जीबीएस आणि पुढे आकडा असतो. यातला 'एस' सिंक्रोमेशचा. पुढचा आकडा बहुतेकांना निव्वळ मॉडेल नंबर वाटतो, पण तो बॉक्सची ताकद सांगतो. इंजिनाचा किती पीळ, म्हणजे टॉर्क, हा बॉक्स झेलू शकतो याचा तो अंदाज आहे. ही पद्धत मूळची जर्मन. टेल्कोचा मर्सिडीज-बेंझशी करार १९५४ ते १९६९ असा पंधरा वर्षे होता, आणि मर्सिडीजच्या बॉक्सच्या नावात पीळ किलोग्रॅम-मीटरमध्ये लिहीत. जीबीएस-४० मधले चाळीस तसेच आहेत. पुढे न्यूटन-मीटरचे माप आले आणि जीबीएस-६०० सारखी नावे दिसू लागली. एक किलोग्रॅम-मीटर म्हणजे ९.८ न्यूटन-मीटर. म्हणजे जुन्या हिशेबाने सहाशेचा बॉक्स साधारण एकसष्टचा झाला, चाळीसचा बॉक्स साधारण तीनशे नव्वदचा. आकड्यांकडे पाहून सहाशेचा बॉक्स चाळीसच्या पंधरापट मजबूत समजू नये. तो दीडपट आहे.

इंजिनाच्या पिळापेक्षा कमी ताकदीचा बॉक्स बसवला तर तो पहिल्या दिवशी तुटत नाही, आणि फसगत होते ती येथेच. चांगला महिना-दोन महिने चालतो, मग बेअरिंग बोलू लागते, आणि एके दिवशी भरल्या गाडीत दात जातो. मोठ्या ताकदीचा बॉक्स लहान इंजिनाला लावण्यात हा धोका नाही. तेथे अडचण लांबीची, वजनाची आणि रेशोची.

अशोक लेलँडच्या गाड्यांतही हाच प्रश्न आहे. या कंपनीने जर्मनीच्या झेडएफच्या सहकार्याने सिंक्रोमेश बॉक्स बनवले, आणि आपल्या महाराष्ट्रातला तिचा भंडाऱ्याचा कारखाना गिअर बॉक्ससाठीच ओळखला जातो. जुन्या कॉमेटचा मूळ बॉक्स आणि झेडएफचा बॉक्स या दोन वेगळ्या वस्तू आहेत. "लेलँडचा आहे ना, मग बसेल" या भरवशावर पैसे देऊ नयेत.

इंजिनाकडची मापे

जुना बॉक्स खाली उतरवला असेल तेव्हाच मापे घ्यावीत आणि कागदावर लिहून बाजारात न्यावीत. मोबाईलमध्ये पट्टी लावून फोटो काढला तर आणखी बरे.

पहिले माप क्लच शाफ्टचे. त्याच्या स्प्लाइनचे दाते मोजा, बाहेरचा व्यास व्हर्निअरने घ्या. दाते तेवढेच आणि व्यास वेगळा, असे होऊ शकते. बेल हाउसिंगच्या तोंडापासून शाफ्टचे टोक किती बाहेर येते ते मोजा. हे टोक फ्लायव्हीलमधल्या पायलट बेअरिंगमध्ये जाते. लांबी जास्त असेल तर बोल्ट आवळताना शाफ्ट क्रँकला दाबतो; कमी असेल तर टोक बेअरिंगपर्यंत पोचतच नाही आणि शाफ्ट हवेत डोलतो. टोकाची जाडीही जुळली पाहिजे. ती थोडी वेगळी असेल तर योग्य आतल्या व्यासाचे बेअरिंग घालून काम होते. लांबीला मात्र असा सोपा इलाज नाही.

स्प्लाइन वेगळे निघाले म्हणून लगेच निराश होण्याचे कारण नाही. क्लच प्लेटचा बाहेरचा व्यास आपल्या प्रेशर प्लेटला जुळणारा आणि मधल्या हबचे दाते नव्या शाफ्टला जुळणारे, अशी प्लेट बाजारात मिळते का ते आधी पाहावे. मिळाली तर काम झाले. नाही मिळाली तर दुसरा बॉक्स पाहावा. एका प्लेटचा हब काढून दुसरीला ठोकून देणारे कारागीर आहेत. त्यांच्या हाताला दाद द्यावी, पण भरल्या ट्रकमध्ये ती प्लेट घालू नये.

दुसरे माप बेल हाउसिंगचे: बोल्टची भोके किती, समोरासमोरच्या भोकांमधले अंतर किती, आणि मधोमध बसणाऱ्या कड्याचा व्यास किती. पुष्कळ आधुनिक डिझेल इंजिनांना एसएई या अमेरिकन मानकाच्या क्रमांकाचे हाउसिंग असते. यात क्रमांक लहान तितके हाउसिंग मोठे. तीन नंबरच्या हाउसिंगचे बोल्टवर्तुळ ४२८.६ मिलिमीटर, दोन नंबरचे ४६६.७ आणि एक नंबरचे ५३०.२, तिन्हींना भोके बाराच. म्हणून नुसती भोके मोजून भागत नाही. दोन बॉक्सचे पुढचे हाउसिंग वेगळे आणि मागची केस सारखी असेल, तर आपलेच जुने हाउसिंग काढून नव्या बॉक्सला लावता येते. ही युक्ती सर्वांत स्वस्त आणि सर्वांत पक्की.

याउलट लेथवर जाडी प्लेट कापून "अडॉप्टर" करण्याचा उद्योग जपून करावा. प्लेटची जाडी वाढली की क्लच शाफ्ट तेवढाच आखूड पडतो. दुसरे म्हणजे बॉक्सचा मध्य क्रँकच्या मध्यावर नेमका यायला हवा. फ्लायव्हीलवर डायल गेज उभा करून हाउसिंगच्या कड्यावर एक पूर्ण फेरा घेतला, तर काटा दोन दशांश मिलिमीटरच्या आत हलला पाहिजे. यापेक्षा फरक असला तर क्लच प्लेटचा हब सैल होतो, शाफ्टचे बेअरिंग जाते, आणि दोष मात्र "माल खराब होता" म्हणून दुकानदाराच्या माथी मारला जातो. ज्या लेथवाल्याकडे डायल गेज नाही त्याच्याकडे हे काम देऊ नये, हे आमचे स्पष्ट मत आहे.

ओढेल की पळेल?

आता रेशोचा विचार. बॉक्स जमिनीवर असताना हाताने रेशो काढता येतो, त्याला कोणतेही यंत्र लागत नाही. मागच्या फ्लँजवर खडूची खूण करा. पहिला गिअर टाका आणि क्लच शाफ्ट फिरवत मोजा. फ्लँजचा एक फेरा पूर्ण व्हायला शाफ्टचे साडेसात फेरे लागले तर पहिल्या गिअरचा रेशो साडेसात. मग सर्वांत वरचा गिअर टाका. शाफ्ट आणि फ्लँज बरोबरीने फिरले तर तो डायरेक्ट. शाफ्टच्या आठ फेऱ्यांत फ्लँजचे दहा फेरे झाले तर तो ओव्हरड्राइव्ह, रेशो ०.८.

मागच्या क्राउन-पिनियनचा रेशोही गाडीवरच मिळतो. पुढची चाके दोन्ही बाजूंनी पक्की अडवा, मागची एक बाजू जॅकवर उचलून खाली भक्कम घोडी लावा, गिअर न्यूट्रल करा, हँडब्रेक सोडा. उचललेले चाक पूर्ण दोन फेरे फिरवा आणि प्रोपेलर शाफ्टचे फेरे मोजा. दोन फेरे अशासाठी की दुसरे चाक जमिनीवर थांबलेले असते आणि डिफरन्शियलमुळे उचललेले चाक दुप्पट फिरते. आलेला आकडा म्हणजे रेशो. पिनियनचे दाते सहा आणि क्राउनचे एकेचाळीस असतील तर तो ६.८३ येईल, सात आणि एकेचाळीस असतील तर ५.८६.

या दोन आकड्यांचा गुणाकार म्हणजे गाडीची खरी ओढ. समजा जुन्या बॉक्सचा पहिला गिअर ७.५ आणि मागे ६.८३ आहे. गुणाकार ५१. नव्या बॉक्सचा पहिला गिअर ६ निघाला, तर गुणाकार ४१ वर येतो. वीस टक्के ओढ गेली. डांबरी रस्त्यावर रिकामी गाडी काढताना हे जाणवत नाही. पण उसाने भरलेली गाडी ओल्या काळ्या जमिनीतून बांधावर चढवताना हीच वीस टक्के ओढ कमी पडते. ड्रायव्हर क्लच अर्धा दाबून इंजिन चढवत राहतो, आणि पंधरा दिवसांत प्लेट जळते.

वरच्या टोकाचा हिशेब वेगळा. ९.००-२० चा टायर एका फेऱ्यात साधारण ३.१ मीटर जातो. इंजिन दोन हजार फेऱ्यांवर, वरचा गिअर डायरेक्ट आणि मागे ६.८३ असेल तर गाडीचा वेग ताशी सुमारे ५४ किलोमीटर येतो. त्याच इंजिनाला ०.८ चा ओव्हरड्राइव्ह मिळाला तर ६८. नांदेड-हिंगोली-अकोला महामार्गावर भाडे करणाऱ्याला हा फायदा डिझेलमध्ये दिसतो. मात्र अशक्त इंजिनावर भरल्या गाडीत ओव्हरड्राइव्ह टिकत नाही. ड्रायव्हर सारखा खालच्या गिअरवर येतो आणि बचत कागदावरच राहते. ज्याचे काम शेत ते कारखाना आहे त्याने पहिल्या गिअरकडे पाहावे, ज्याचे काम मार्केट यार्ड ते हैदराबाद आहे त्याने वरच्या गिअरकडे.

उताराचाही विचार हवा. मांजरसुंब्याचा किंवा कसाऱ्याचा घाट उतरताना खालचा गिअर गाडीला धरून ठेवतो. खालच्या गिअरचा रेशो कमी झाला की ही पकड कमी होते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. बॉक्स बदलल्यावर ड्रायव्हरला हे सांगितले पाहिजे. पूर्वी तो घाट तिसऱ्यावर उतरत असेल तर आता दुसऱ्यावर उतरावा लागेल.

मागची बाजू आणि हँडब्रेक

नवा बॉक्स लांब असेल तर प्रोपेलर शाफ्ट तेवढा आखूड करावा लागतो. पाइप कापून जोडताना दोन्ही टोकांचे योक एका रेषेत यावेत आणि नंतर बॅलन्सिंग करावे; नाहीतर क्रॉस आणि सेंटर बेअरिंग वारंवार जाते. फ्लँजची भोके जुळत नसतील तर फ्लँज बदलता येतो का पाहावे. गिअर लिव्हर थेट बॉक्सवर आहे की रॉडने जोडलेला, स्पीडोमीटरची केबल कोणत्या बाजूला, टिपर असेल तर पीटीओची खिडकी डावीकडे की उजवीकडे, हे सगळे पैसे देण्यापूर्वी पाहण्यासारखे.

एक गोष्ट जिवाशी गाठ असलेली. कँटरसारख्या जपानी वळणाच्या लहान गाड्यांत हँडब्रेकचा ड्रम चाकात नसून गिअर बॉक्सच्या मागे असतो. अशा गाडीला ड्रम नसलेला बॉक्स लावला की हँडब्रेक नाहीसा होतो. चाकाखाली दगड लावून वेळ मारून नेणारे मालक आहेत. तसे करू नये. १९८० च्या दशकात जपानी सहकार्याने आलेल्या चार लहान ट्रकपैकी ऑल्विन निसान आणि डीसीएम टोयोटा ही नावे बाजारातून केव्हाच गेली. अशा गाडीचा बॉक्स गेला की दुसऱ्या कंपनीचा लावण्याशिवाय मालकापुढे फारसा मार्ग उरत नाही, आणि हँडब्रेककडे दुर्लक्ष होण्याचा संभव तेथेच अधिक.

जुना माल पारखताना

ड्रेन प्लग काढून चुंबकावर काय चिकटले आहे ते पाहा. राखाडी लेप चालतो, चकाकते तुकडे चालत नाहीत. वरचे झाकण उघडायला दुकानदार नाही म्हणत असेल तर दुसरे दुकान पाहा. दातांच्या कडा गोल झाल्या आहेत का, सिंक्रो रिंग आणि गिअर यांत फट उरली आहे का, केसचा कान वेल्ड केलेला आहे का, हे डोळ्यांनी दिसते. दोन मोडक्या बॉक्समधून एक तयार केलेला मालही येतो. त्यात मेन शाफ्ट आणि ले शाफ्ट वेगवेगळ्या घरचे असतात, आणि प्रत्येक गिअर हाताने फिरवून पाहिला की एखादा अडखळतो.

बसवताना बॉक्सचे वजन क्लच शाफ्टवर लटकू देऊ नये. शंभर किलोच्या वरचा तो बोजा प्लेटचा हब वाकवतो. चेन ब्लॉक किंवा जॅक वापरावा. तेल कंपनीने सांगितलेल्या प्रतीचेच घालावे. सिंक्रो रिंग पितळेच्या असतील तर डिफरन्शियलचे जीएल-५ तेल बॉक्समध्ये घालू नये. त्यातली रसायने पितळ खातात.

ऑटोमॅटिकचे काय?

आखाती देशांत मोठ्या गाड्या चालवून परतलेले ड्रायव्हर बांधव विचारतात की आपल्या जुन्या ट्रकला ऑटोमॅटिक बॉक्स लावता येईल का. पूर्ण ऑटोमॅटिकमध्ये क्लच प्लेट नसते; टॉर्क कन्व्हर्टर असतो, तेल थंड करण्याचा वेगळा कूलर लागतो, आणि नव्या बॉक्सना गाडीच्या कॉम्प्युटरची जोड लागते. अमेरिकेत जुन्या पिकअपना असे बॉक्स बदलतात. तेथे बॉक्स ओळखण्याची पहिली खूण म्हणजे खालच्या तेलपात्राचा आकार, आणि कन्व्हर्टर पंपात पूर्ण बसवल्याशिवाय बोल्ट आवळले तर पंप फुटतो, हा तिथल्या मिस्त्रींचा पहिला धडा. आपल्याकडच्या नव्या ट्रकमध्ये 'एएमटी' येते, ती खरी ऑटोमॅटिक नव्हे; आत साधाच बॉक्स असतो, क्लच आणि गिअर यंत्र हलवते. १२१० किंवा १६१३ ला यातले काहीही लावणे खर्चाच्या दृष्टीने आज तरी वेडेपणाचे आहे.

पावती

शेवटची गोष्ट कागदाची. बॉक्सचा नंबर आरसीत नसल्यामुळे चोरीच्या गाडीचा बॉक्स सहज विकला जातो. मेरठचा सोतीगंज बाजार अशा मालासाठी देशभर बदनाम होता. डिसेंबर २०२१ मध्ये तो पोलिसांनी बंद केला. चोरीचा माल आहे हे माहीत असताना, किंवा तसे मानायला कारण असताना तो घेणे हा गुन्हा आहे. पूर्वी भारतीय दंड विधानाचे कलम ४११ होते, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम ३१७ आहे. बिलावर बॉक्सचा प्रकार आणि केसवरचा नंबर लिहून घ्यावा. आठ वर्षांवरील गाडीचे फिटनेस दरवर्षी करावे लागते, ती फाइल मालकाकडे असतेच. त्यातच हे बिल ठेवावे.

गॅरेजवाल्याने आपल्यापुरती एक वही करावी. जो बॉक्स उतरेल त्याच्या केसवरचा आकडा, क्लच शाफ्टचे दाते, व्यास आणि लांबी, हाउसिंगचे अंतर, पहिल्या आणि शेवटच्या गिअरचा रेशो, फ्लँजची भोके, आणि तो कोणत्या इंजिनाला लागला, एवढे एका ओळीत मावते. वर्ष-दीड वर्षात वही भरेल. मग कनेरगावहून एखाद्या मालकाचा फोन आला की त्याला नांदेडला पाठवण्याआधी नेमका कोणता बॉक्स मागायचा हे सांगता येईल.